आत यायच्या वाटा किती?

कुठलंही पॅनेल पुढ्यात आलं की काका आधी त्याला प्रदक्षिणा घालायचे. हात मागे, चष्मा कपाळावर, तोंडातून अवाक्षर नाही. माणूसभर उंचीचं पत्र्याचं कपाट, आत ब्रेकर आणि वायरींचं जंगल. आम्ही डिझाइनवाले त्याच्या तोंडावरचे रंगीत दिवे बघून खूश. काका मागे जाऊन वाकायचे. जिथून जिथून वीज आत येणार त्या प्रत्येक जागेला हात लावायचे. तोही तळहात नव्हे, हाताची पाठ. मग पुढे येऊन विचारायचे, "आत यायच्या वाटा किती?"

"दोन, काका."

"थोरली कुठली?"

"मागची."

"मग जायची वाट तिच्या मापाची केलीस?"

हो म्हटलं की सही. "बघून सांगतो" म्हटलं की पेन परत खिशात. मी बहुतेक वेळा बघून सांगतो म्हणायचो.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्यापाशी आयुष्यभराचा एकच प्रश्न असतो आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारला जातो. आमच्या दुबईतल्या कारखान्यात त्या प्रश्नाला सगळे टरकून होते. कामगार काकांना 'मुहंदिस' म्हणायचे, म्हणजे अरबीत इंजिनियर. काका सांगलीकडचे, डिप्लोमावाले. कारखान्यात आम्ही दोघंच मराठी, म्हणून मी काका म्हणायचो आणि ते मला पुणेकर. माझं नाव त्यांना येत होतं की नाही, मला आजही शंका आहे.

आता या वाटांचं काय ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. मोठ्या मशिनला वीज एकाच ठिकाणाहून येते असं नाही. एक मोठी मेन लाइन, एक जनरेटरची, एखादी बारीकशी कंट्रोलची, या यायच्या वाटा. यातली कुठलीही वीज चुकून पत्र्यात उतरली तर तिला माणसाच्या अंगातून न जाता निघून जाता यावं म्हणून एक हिरवी-पिवळी वायर ठेवतात. ती अर्थिंग. ती जाड असली की ही चुकार वीज तिच्यातून धडाक्याने निघते, ब्रेकर पडतो, कुणाला काही कळतही नाही. बारीक असली तर ब्रेकर पडायच्या आत तीच जळते, आणि मग सगळा पत्रा जिवंत होऊन कुणाचा तरी हात लागायची वाट बघत बसतो.

जाड म्हणजे किती जाड? हे काकांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं, कारण मी पहिल्याच वर्षी शेण खाल्लं. तीन वाटांचं पॅनेल होतं. मी तिन्ही ब्रेकरचे आकडे घेतले, सरळ बेरीज मारली आणि त्या मापाची अर्थची वायर मागवली. आली ती मनगटाएवढी. वाकेना, भोकात जाईना, दोघा जणांनी गुडघा लावून दाबली तर कपाटाचा तळपत्राच वाकला. काकांनी तिचा वीतभर तुकडा कापला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"पुणेकर, हे काय?"

"सेफ्टी, काका. तिन्ही एकदम बिघडल्या तर?"

"तीन पाहुणे येणार म्हणून तीन दारं जोडून एक दार करतोस काय घराला? सगळ्यांत दांडगा पाहुणा मावला की बाकीचे मावतात. बेरीज करायची नाही, सरासरी काढायची नाही, नुसतं ड्रॉइंगचं पहिलं पान बघून माप घ्यायचं नाही. दांडगा कोण ते शोधायचं."

तिसरी सूचना मी तेव्हा फारशी मनावर घेतली नाही. पहिलं पान बघून कुणी माप घेतं का?

आम्ही दोघंही शारजातले. मी अल मजाजमध्ये बायको आणि मुलीसह, काका दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकटे. काकू सांगलीला शाळेत शिकवायच्या. रोज पहाटे काकांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून आम्ही दुबईला जायचो, म्हणजे जायला निघायचो. शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये ज्याने रोजचे चार तास काढलेत त्यालाच ते कळेल. पुढे लाल दिवे, मागे पांढरे, एसीची घरघर. काका एकदम उजवीकडची लेन धरायचे आणि ती सोडायचे नाहीत. मी अस्वस्थ होऊन म्हणायचो, "काका, डावीकडची हलतेय." ते म्हणायचे, "हलू दे. तिलाही कुठं जायचंय? दुबईच."

त्या गाडीत मला एक आकडा कळला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि त्यातली सव्वीस काका इथे. वर्षाला एक महिना सुट्टी. "म्हणजे बघ," एकदा पुलाखाली अडकलो असताना ते म्हणाले, "संसार झाला तो सव्वातीन वर्षांचा. अजून नवीनच आहे आमचं." आणि हाताच्या पाठीने माझ्या खांद्यावर टक्कन मारलं. माणसालाही ते तशीच थाप मारायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सवय. तळहात लावला आणि करंट असला तर मूठ मिटते, सुटत नाही. पाठ लावली तर हात बाहेर फेकला जातो."

काकूंची निवृत्ती जूनमध्ये होती. काकांनीही त्याच महिन्यात राजीनामा ठेवला. काकूंनी घराच्या गच्चीवर दोन वेताच्या खुर्च्या आणून ठेवल्याचा फोटो पाठवला होता, तो काकांनी मुद्दिरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, सुद्धा दाखवला. खुर्च्या रिकाम्या होत्या. मॅनेजर म्हणाला, "नाइस चेअर्स."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

काकांचा निरोपसमारंभ कारखान्याच्या पॅन्ट्रीत होता. निळ्या क्रीमचा केक, वर 'खलास मुहंदिस' असं कुणीतरी लिहून घेतलेलं. त्याच दुपारी माझं एक पॅनेल जायचं होतं. ज्यूसच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्याचं. ट्रक दारात उभा, ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करतोय, आणि टेस्ट सर्टिफिकेटवर सही नाही. मी कागद घेऊन पॅन्ट्रीत घुसलो. काकांच्या एका हातात केकची डिश, दुसऱ्या हाताची बोटं क्रीमने निळी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सगळे त्यांच्याभोवती उभे होते.

"काका, एक सही."

"थांब, खाली जाऊन बघून येतो."

"ट्रक निघतोय, काका. लोक तुमच्या भाषणाची वाट बघतायत."

त्यांनी डिश खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. आणि विचारलंच, "आत यायच्या वाटा किती?"

माझ्या तोंडात केक होता. डोळ्यासमोर ड्रॉइंगचं पहिलं पान होतं. त्यावर कंट्रोलची एक बारीक लाइन होती, आणि तिच्या मापाने मी बॉलपेनच्या रिफिलीएवढी अर्थची वायर टाकली होती. मी म्हणालो, "एक."

गिऱ्हाइकाने मागाहून मोठे हीटर वाढवले होते. त्यांची चारशे अँपियरची दुसरी वाट सातव्या पानावर होती. ते सातवं पान मीच काढलं होतं.

काकांनी सही केली. कागदाच्या कोपऱ्यावर निळ्या क्रीमचा अंगठा उठला. टाळ्या पडल्या.

तीन आठवड्यांनी एका दुपारी मी त्यांना शारजा विमानतळावर सोडायला गेलो. त्यांची गाडी मीच विकत घेतली होती, तीच घेऊन. व्हिसा रद्द झालेला, खोली सोडलेली, दोन सूटकेस, आणि कारखान्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ हातात, कारण ते कुठल्याच बॅगेत मावेना. आत जाताना हाताच्या पाठीने माझ्या गालाला टक्कन मारून गेले. मी समोर जाऊन एक करक, म्हणजे इथला कडक चहा, घेतला. जरा हुंदकाही येत होता, खोटं कशाला बोलू. चहा संपतोय तोवर मॅनेजरचा फोन आला. ज्यूसच्या कारखान्यात आदल्या दिवशी हीटरची वीज पत्र्यात उतरली होती. अर्थची वायर जळून गेली, पत्रा जिवंत राहिला, आणि एका नेपाळी ऑपरेटरने दार उघडायला हँडल धरलं. जीव वाचला. हात भाजला. पोलिसात नोंद झाली, आणि सर्टिफिकेटवर ज्याची सही त्याला देश सोडायला बंदी.

मी फोन कानाला लावून उभा होतो आणि रस्त्यापलीकडे काका दिसले. दोन सूटकेस, काखेत घड्याळ. आत गेल्याला चाळीस मिनिटं झाली होती. सिग्नल हिरवा व्हायची शिस्तीत वाट बघून त्यांनी रस्ता ओलांडला.

"पुणेकर," ते म्हणाले, "गाडी फार लांब नाही ना लावलीस?"

गाडीत बसल्यावर मी सगळं ओकून टाकलं. केक, पहिलं पान, सातवं पान. ते समोरच्या काचेतून बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "हॉस्पिटल कुठलं?"

आम्ही विमानतळावरून थेट तिथे गेलो. ऑपरेटर चाळिशीचा होता, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये. काकांनी त्याच्या कपाळाला हाताची पाठ लावली, ताप बघावा तशी. "बोटं हिलता है?" सांगलीचं हिंदी. "हिलता है, साब." त्याने दोन बोटं हलवून दाखवली. मग काकांच्या काखेतलं घड्याळ बघून विचारलं, "आप कहीं जा रहे थे?"

"नहीं," काका म्हणाले, "आ रहा था."

त्या दिवसापासून काका आमच्या हॉलमध्ये राहायला आले. घड्याळ माझ्या बायकोने टीव्हीच्या वर लावलं. काकूंना त्यांनी फोनवर "थोडं कागदाचं काम राहिलंय" एवढंच सांगितलं. पलीकडे सव्वीस वर्षांचा अनुभव होता. काकूंनी एवढंच विचारलं, "खुर्च्या आत घेऊ का? पाऊस सुरू होईल."

घरात त्यांना काम नव्हतं. नोकरी नाही, व्हिसा नाही, जायला बंदी. दोन दिवसांत त्यांनी आमच्या फ्लॅटमधला प्रत्येक प्लग तपासला. वॉशिंग मशिन, केटल आणि मुलीचा लॅपटॉप मी एकाच एक्स्टेंशनवर लावले होते, त्यापुढे ते बराच वेळ उभे राहिले. मुलगी म्हणाली, "काका, इट्स फाइन, डॅड डिड इट." काका म्हणाले, "म्हणूनच बघतोय, बाळ."

तिसऱ्या पहाटे मी कामाला निघालो तर हे तयार होऊन दाराशी उभे.

"तुम्ही कुठे, काका?"

"घरी बसून काय करू? ट्रॅफिकमध्ये बसतो."

आणि खरंच ते रोज यायला लागले. कारखान्यात त्यांना प्रवेश नव्हता. गेटच्या अलीकडच्या सिग्नलला उतरायचे, समोरच्या केरळी कॅफेटेरियात दिवसभर बसायचे, संध्याकाळी परत माझ्या शेजारी. जुलै आला. बाहेर अंगाची लाही, आत आम्ही दोघं, आणि पुढे लाल दिवे. मी दर वेळी तोंड उघडायचो, "काका, मी जाऊन सांगतो, मी एक म्हणालो म्हणून." ते दर वेळी म्हणायचे, "सही कुणाची? मी मागे जाऊन बघितलं का? नाही. मग गप्प बस. पोरगी दहावीला आहे तुझी. तू अडकलास तर तिघं अडकतील. मी एकटा आहे."

मी गप्प बसायचो. हे मी काही विनोदाने सांगत नाही. मी चांगला दीड महिना गप्प बसलो. रात्री जेवताना त्यांना पोळी वाढायचो आणि गप्प बसायचो. आपल्या चुकीत दुसरा माणूस कोंडलेला आहे, आणि तो आपल्याच टेबलाशी बसून आमटीचं कौतुक करतो आहे, याच्याइतकी शिक्षा कुठल्या कोर्टात मिळत असेल असं मला वाटत नाही. तरीही मी गप्पच बसलो, कारण आमटीची शिक्षा सोसवत होती आणि दुसरीची भीती वाटत होती.

ऑगस्टमध्ये तपासणीसाठी नेमलेला तज्ज्ञ ज्यूसच्या कारखान्यात आला. वयस्कर सुदानी इंजिनियर, शांत आवाजाचा. काकांना बोलावलं होतं, ड्रॉइंग समजावून द्यायला मलाही. पॅनेल तसंच उभं होतं, खालचा पत्रा काळा पडलेला. तज्ज्ञाने सर्टिफिकेट पुढे धरलं. कोपऱ्यातल्या क्रीमचा तेलकट डाग झाला होता.

"ही सही तुमची?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"माझी."

"तपासलं होतं?"

काकांनी हात मागे बांधले आणि पॅनेलला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. पार मागे गेले. वाकले. मांडीएवढ्या जाड केबलच्या जुडीला हाताची पाठ लावली, मग तिच्याशेजारच्या जळलेल्या रिफिलीएवढ्या वायरीला. केकच्या दिवशी राहिलेली फेरी ते आता पुरी करत होते. पुढे येऊन म्हणाले, "टू. देअर आर टू. दॅट डे आय डिड नॉट वॉक अराउंड."

माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला असावा. काका माझ्याकडे न वळता मराठीत म्हणाले, "गप्प बस, पुणेकर. मुलीचं वर्ष आहे."

तज्ज्ञाने माझ्याकडे बघितलं. "व्हॉट इज ही सेइंग?"

आता बघा, मी आयुष्यात कितीतरी वेळा वेळ मारून नेलेली आहे. त्या क्षणीही चार-पाच सोयीची भाषांतरं जिभेवर होती. पण काकांची पाठमोरी मान दिसत होती, घामाने चिकटलेली कॉलर दिसत होती. मी म्हणालो, "ही इज टेलिंग मी टू कीप क्वाएट. बिकॉज द मिस्टेक इज माइन. त्यांनी मला विचारलं होतं, वाटा किती, आणि मी एक म्हणालो."

मग सातवं पान मी स्वतः उघडून दाखवलं. माझ्याच सहीचं.

तज्ज्ञाने चष्मा काढून पुसला. काकांनी डोळे मिटून घेतले. एखाद्याने आपलं मुद्दाम बांधलेलं काहीतरी पाडावं तसा चेहरा.

कायद्याची भाषा मला कळत नाही, जे घडलं तेवढं सांगतो. माझा जबाब झाला. माझा पासपोर्ट तिथे जमा झाला आणि बंदी माझ्या नावावर आली. काकांना आणखी पाच आठवडे कचेऱ्यांच्या फेऱ्या घालाव्या लागल्या. पहिले दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. गाडीत मात्र येत होते. तिसऱ्या दिवशी, पुलाखाली, म्हणाले, "माझी वाट मोकळी करताना तुझी बंद केलीस. हा कुठला हिशोब?"

"पहिल्यांदाच दांडगा कोण ते शोधलं, काका."

ते हसले नाहीत. पण हाताची पाठ माझ्या खांद्यावर टक्कन पडली. बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दीड महिना लागला होय तुला?" आणि ताटं घेतली.

ऑपरेटर कामावर परतला आहे. तीन बोटं नीट मिटतात, चौथं हळूहळू. मी दर पंधरवड्याला जातो. माझी केस संपेल तेव्हा संपेल, इन्शाल्ला. या वर्षी गावी जाणं नाही, मुलीची परीक्षा इथूनच. कारखान्याने मला डिझाइनवरून काढून टेस्टिंगला टाकलं. शिक्षा म्हणून असावी. मी पॅनेलला प्रदक्षिणा घालतो आणि मागून कुणीतरी हसतं.

काका गेले तीही दुपारच होती. तेच विमानतळ, तीच पांढरी गाडी, त्याच दोन सूटकेस. घड्याळ मात्र त्यांनी आमच्याकडेच ठेवलं, "पुन्हा काखेत धरून आलो तर बरं दिसणार नाही" म्हणून. दारापाशी बोलायचं म्हणून मी काहीतरी बोलत होतो. ते म्हणाले, "लेन सोडू नकोस उगीच," आणि आत गेले. या वेळी माझ्या पाठीवर त्यांचा तळहात पडला होता, आणि तो जरा वेळ तिथेच राहिला.

मी समोर जाऊन करक चहा घेतला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. वीस मिनिटं झाली. तीस. चाळिसाव्या मिनिटाला मी रस्त्यापलीकडे बघितलं. सिग्नल हिरवा झाला. एक पाकिस्तानी कुटुंब ट्रॉल्या ढकलत आलं, दोन एअर होस्टेस आल्या. पन्नास मिनिटं. मी दुसरा चहा घेतला. तास झाला. सिग्नल किती वेळा हिरवा झाला ते मोजत होतो, तेही विसरलो.

फोन वाजला. काकू होत्या. मागे पावसाचा आवाज येत होता.

"बाहेर आले का हो?"

मी पुन्हा एकदा रस्त्यापलीकडे नीट बघून घेतलं.

"नाही, काकू. नाही आले."

त्या म्हणाल्या, "बरं. मग मी खुर्च्या पुसून ठेवते."